मंगलची सुई

माझ्या आवाजाचं कौतुक करणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, आणि त्यातली सगळ्यात जुनी मी स्वतः. नातवंडं विचारतात, आजी, तू गॅसवाल्याशी फोनवर बोलतेस तेव्हा बातम्या दिल्यासारखं का बोलतेस? त्यांना काय सांगणार, की याच आवाजापायी मी ऐन तारुण्यात एका मुलीवर जळत होते. असं जळणं की दुधाचं पातेलं वर ठेवलं असतं तर उतू गेलं असतं. त्या मुलीच्या केसालाही धक्का लागला नाही, काळी पडले ती मीच. ती मुलगी म्हणजे मंगल, माझी सख्खी आतेबहीण, जळकोटची.

तेव्हा आम्ही धाराशिवला एका पिठाच्या गिरणीला लागून दोन खोल्यांत राहत होतो. नाना, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर. गिरणीचा पट्टा सकाळी फटफटायला लागला की आमच्या घरात सगळेजण ओरडून बोलायला लागत, आणि कुणालाच आपण ओरडतोय असं वाटत नसे. मग मध्येच लाइट जायची, गिरणी गप्प व्हायची, आणि आईचं 'मिठाचा डबा कुठं ठेवलास गं' एवढ्या मोठ्यानं गल्लीभर जायचं की समोरच्या घरातून उत्तर येईल की काय असं वाटे. पीठ सगळीकडं बसायचं. देवांच्या डोक्यावर, नानांच्या टोपीवर, माझ्या वेणीवर. आईनं हुलग्याची शेंगोळी केली की लसणीच्या फोडणीचा वास आणि गिरणीतल्या गरम ज्वारीचा वास एकमेकांत असे मिसळायचे, की आजही कुठं दळण चालू असलं की मला भूक लागते. डॉक्टर म्हणतात ती साखर आहे. असेल.

नानांना शुद्ध उच्चारांचं वेड. रोज सकाळी मला ओट्यावर उभं करून ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावत, गिरणीच्या वरताण. 'पाणी' म्हण. 'पानी' नाही. 'कोण' म्हण. 'कोन' भूमितीत असतो. एवढ्या कवायतीनंतर माझा आवाज खणखणीत झाला होता यात शंका नाही. पण मला स्वतःला तो दैवी वाटायचा, हे जरा जास्त होतं. आई घरात नसली की मी आरशासमोर उभी राहून पळी तोंडापुढं धरायची आणि अख्ख्या महाराष्ट्राला नमस्कार करायची. पळीला आमटी लागलेली असली तर महाराष्ट्राला थोडा वेळ थांबावं लागे.

अशा या माझ्या साम्राज्यात मंगल आली. कॉलेजला धाराशिवला राहायचं म्हणून तिच्या भावानं तिला मोटारसायकलवरून आणून सोडलं. पुढं टाकीवर शेंगांचं पोतं, मागं ही. उंच, धट्टीकट्टी, हसायला लागली की दाढा दिसायच्या. दारात पाऊल टाकलं नाही तोच नानांनी टोपी सारखी केली आणि वाकून तिच्या पाया पडले. आमच्याकडं रीतच आहे तशी, मामानं भाचीच्या पाया पडायचं. पण सहसा भाची लाजते, पाय मागं घेते, 'अहो मामा, कशाला' म्हणते. मंगलनं पाय असे पुढं ठेवले, जसं काही जळकोटहून निघतानाच ते त्यासाठी धुऊन घेतले होते. त्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकरी मंगलला. लोण्याचा गोळा मंगलच्या भाकरीवर मोठा. मी ताट पुढं सरकवलं तर आई म्हणायची, "तू थांब की जरा. ती भाची हाय, तू घरचीच."

घरचीच! हा शब्द मला तेव्हा शिवीसारखा लागायचा. आणि मंगलचा आवाज? तापल्या तव्यावर भाकरी टाकल्यावर जो एक खरखरीत, ओलसर आवाज येतो ना, तसा. मी आईला म्हटलं होतं, हिला पडसं झालंय, काढा दे. आई म्हणाली, "पडसं न्हाय गं, आवाजच तसा हाय तिचा. गोड वाटतोय की ऐकायला."

त्याच सुमारास आमच्या गावात रेडिओचं केंद्र नवंच सुरू झालं होतं. गावाबाहेर माळावर एक बैठी इमारत, मागं उंच मनोरा, आणि आत गुळगुळीत फरशीवर चप्पल काढून जायचं. हंगामी निवेदक हवेत असं समजल्यावर नानांनी माझं नाव दिलं. आवाजाच्या चाचणीला मी निघाले तर मंगल वेणी घालत म्हणाली, "म्या बी येते की सोबत. बघून तरी होईल आत कसं असतंय ते." बघायला आलेली मंगल चाचणी देऊनच बाहेर आली. दोघींची निवड झाली. माझी निवड झाल्याचा आनंद मला तिची झाल्याचं कळेपर्यंत टिकला.

आम्हाला शिकवायला खमितकर म्हणून एक तांत्रिक विभागातले गृहस्थ होते, सडपातळ, सतत वेलची चघळणारे. त्यांनी आम्हाला काचेच्या अलीकडच्या खोलीत, त्या मोठ्या तिरक्या टेबलासमोर बसवलं. त्याला कन्सोल म्हणतात. त्यावर ओळीनं वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फेडर. एक माइकचा, बाकीचे तबकड्यांचे आणि टेपचे. बरोबर मधोमध पिवळसर उजेडाचा एक मीटर, घड्याळासारखा, पण एकच सुई असलेला. डावीकडून काळे आकडे, उजवीकडं शेवटी तांबडा पट्टा. खमितकर म्हणाले, "ही सुई सांगते ते खरं. बाहेर लोकांच्या घरात किती आवाज चाललाय ते ही सांगते. बोलताना ती तांबड्याच्या अलीकडं नाचायला पाहिजे. कधीमधी शिवली तर हरकत नाही. तिथंच जाऊन बसली तर आवाज फाटला. अन् डावीकडंच लोळत राहिली तर लोक रेडिओला थपडा मारायला लागतात."

मग त्यांनी बाजूचं एक गोल बटण फिरवलं. कोपऱ्यातल्या स्पीकरमधलं गाणं मोठं झालं, बारीक झालं. सुई मात्र होती तिथंच नाचत राहिली. "बघितलं? हे मॉनिटरचं बटण. हे फक्त तुमच्या कानापुरतं. हे कितीही पिळा, बाहेर काही फरक पडत नाही. नवी माणसं हीच चूक करतात. स्पीकर बारीक असला की फेडर ढकलतात." आणि शेवटची गोष्ट, जी मी मान डोलावत ऐकली आणि त्याच मानेनं पुढं विसरले. माइकचा फेडर वर गेला की खोलीतला स्पीकर आपोआप मुका होतो. नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. म्हणून माइक उघडा असताना कानाला हेडफोन, आणि बोलणं संपलं की आधी माइक बंद, मग बाकीचं.

मंगलनं त्या सुईचं तिथल्या तिथं बारसं केलं. "ही सासू," ती म्हणाली. "हिच्या तोंडाकडं बघत बघत काम करायचं." खमितकर वेलची गिळून बसले, एवढे हसले. मी हसले नाही. मला ती उपमा आधी सुचायला हवी होती.

मग आम्ही आळीपाळीनं माइकवर बोललो. मी 'नमस्कार' म्हटलं आणि सुई उडी मारून तांबड्यात गेली. घाबरून आवाज खाली आणला तर ती डावीकडं जाऊन निजली. माझे 'ण' आणि 'ळ' सगळे जागच्या जागी होते, पण सुईला व्याकरण कळत नव्हतं. मंगल बसली, खुर्ची पुढं ओढली, आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलायला लागली. सुई तांबड्याच्या अलीकडं येई, मागं जाई, पुन्हा येई, पाळण्यातल्या पोरासारखी. खमितकर म्हणाले, "वा! मंगलताईंची सुई बघा."

एवढं एकच वाक्य. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, पित्त झालंय. झालं होतंच, पण ते जळकोटहून आलं होतं. मला वाटायला लागलं की सुई म्हणजे कुणीतरी पंच आहे आणि त्याला मंगल आवडते. मी घरी सुई कुठून आणणार? गिरणीत भिंतीवर लाइटचा दाब दाखवणारा एक मीटर होता, त्यालाही सुई होती. दुसऱ्या दिवशी आई दळण घेऊन गेली तर मी मागोमाग गेले आणि त्या मीटरसमोर तोंड नेऊन खर्जात म्हणाले, "नमस्कार, श्रोतेहो." गिरणीवाले काका पट्टा सोडून माझ्याकडं बघायला लागले. "काय झालं गं शैला?" मी म्हटलं, "काही नाही, लाइट बघायलेय." सुई काही माझ्याकरता हलली नाही, पण पुढचे कित्येक दिवस गिरणीवाले काका आईला विचारत होते, पोरगी बरी हाय न्हवं?

पुढं आम्ही दोघी कामाला रुळलो. कधी सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, तिची, संध्याकाळची माझी, कधी उलटं. मी माझ्या वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन ड्युटी रूममध्ये बसायची आणि तिची चूक व्हायची वाट बघायची. चूक व्हायची नाही. लोकांना देवळात बसून जशी शांती मिळते तशी मला तिच्या एका चुकीनं मिळाली असती, पण देव काही पावला नाही.

आणि मग रविवारची फर्माईश आली. लोकांनी पाठवलेली नावं वाचून त्यांच्या आवडीची गाणी लावायचा तो कार्यक्रम, थेट, अर्धा तास. तोवर तो सोलापूरकडचे एक अनुभवी निवेदक करत होते, ते सोडून चालले होते. केंद्राच्या मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. एक रविवार मंगल करील, पुढचा शैला करील. जिचा चांगला होईल, कार्यक्रम तिचा. लक्षात घ्या, तेव्हा रविवारच्या दुपारी आमच्या जिल्ह्यात दर दारातून तोच कार्यक्रम ऐकू यायचा. धुणं वाळत घालणारी बाई, पंक्चर काढणारा माणूस, वांगी खुरपणारी माणसं, सगळ्यांच्या कानात एकच आवाज. तो माझा असायला पाहिजे होता. मंगलला सगळं मिळालं होतं, नानांचा नमस्कार, पहिली भाकरी, खमितकरांची 'वा'. एवढा एक रविवार मला हवा होता.

मंगलचा रविवार मी घरी ऐकला. कसा झाला हे मला आजही नीट आठवत नाही, आठवायचंही नाही. नाना डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सुरेख." आमच्या घरात हा शब्द त्याआधी फक्त नानांच्या स्वतःच्या अक्षराला वापरला गेला होता.

माझ्या रविवारी मी आईची ठेवणीतली मोरपंखी इरकल नेसले. रेडिओवर बोलायला! कपाळाला ठसठशीत कुंकू, केसात अबोली. मंगल म्हणाली, "शैले, माइकला लगीन लावायलीस का?" आईनं तळहातावर दहीसाखर दिली. मंगलही सोबत निघाली. मी म्हटलं, तुला काय काम आहे? "म्या काचेपल्याड बसते की," ती म्हणाली, "लागलं काय तर." लागलं काय तर! म्हणजे हिला वाटतंय की लागेल.

सुरुवात माझी चांगली झाली. खोटं सांगत नाही, फार चांगली झाली. मी लोहाऱ्याची नावं वाचली, ईट गावची वाचली, सुई तांबड्याच्या अलीकडं अगदी मंगलच्या सुईसारखी झुलत होती. दोन गाणी झाली. तिसऱ्या गाण्याची नावं वाचून मी तबकडी सोडली, तिचा फेडर वर केला, आणि हेडफोन काढता काढता काचेकडं बघितलं. पलीकडं मंगल काहीतरी सांगत होती आणि खमितकर पोट धरून हसत होते. काचेतून शब्द येत नाहीत, नुसती तोंडं दिसतात. पण मला खात्रीच पटली की ते माझ्यावर हसतायत. इरकलीवर, अबोलीवर, लग्नावर. मी बघत राहिले, आणि माइकचा फेडर खाली आणायचा राहिला.

आता माइक उघडा म्हणजे खोलीतला स्पीकर मुका. हेडफोन मी काढून ठेवलेला. खोलीत चिडीचूप. मला वाटलं, गाणं लागलंच नाही. मी मॉनिटरचं बटण पिळलं, शेवटपर्यंत पिळलं. आवाज नाही. लगेच मनात आलं, मागच्या रविवारी ही इथं बसली होती, हिनंच काहीतरी करून ठेवलंय. मग मी तबकडीचा फेडर धरला आणि वर, वर, पार टोकाला नेऊन भिडवला. माझ्या नाकासमोर सुई तांबड्यात जाऊन उजव्या खुंटीला टेकली आणि तिथंच बसून राहिली. मी तिच्याकडं बघितलं असतं तर! पण मी काचेकडं बघत होते. पलीकडं मंगल आणि खमितकर उठून उभे राहिले होते आणि हात हलवत होते. वर-खाली, वर-खाली, दोघं मिळून. गाणं ठेक्याचं होतं. मला वाटलं, नाचायला लागले. माझ्या कार्यक्रमात, माझं वाटोळं होत असताना, ही दोघं नाचतायत! म्हटलं नाचा, आणि खुर्ची फिरवून काचेकडं पाठ केली.

मागं जड दार उघडल्याचा आवाज आला आणि मंगल वाऱ्यासारखी आत आली. तिनं माझ्या अंगावरून वाकून तबकडीचा फेडर एका बोटानं निम्म्यावर खाली ओढला. मी तिचं मनगट धरलं. "हात काढ!" मी म्हणाले. माझ्या तोंडून नानांचं व्याकरण केव्हाच पळालं होतं. "हात काढ म्हणते ना, भवाने! घरात पहिली भाकरी तुला, लोणी तुला, नाना पाया पडायलेत ते बी तुझ्याच. आता माझा रविवार बी तुलाच पायजे व्हय?" मंगलनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं आणि डोळ्यांनी माइक दाखवला. "मला गप बस म्हणतीस? तू कोन गं मला सांगणारी!"

मग मी तिची नजर गेली तिकडं बघितलं. माइकचा फेडर. वर.

मंगलनं तो खाली केला. आणि स्पीकरला वाचा फुटली. मी मघाशी बटण टोकापर्यंत पिळून ठेवलेलं होतं ना, सगळ्या ताकदीनं ते गाणं आमच्या अंगावर कोसळलं. आम्ही दोघी किंचाळलो आणि एकमेकींना धरलं. त्या मिठीला प्रेम म्हणू नका, भीती होती ती.

उरलेला कार्यक्रम मंगलनं केला. मला खुर्चीतून उठवावंही लागलं नाही, मी आपोआप ड्युटी रूमच्या बाकावर जाऊन बसले होते, इरकलीसकट. तिथल्या स्पीकरमधून तिचा आवाज येत होता, "काही तांत्रिक कारणानं आलेल्या व्यत्ययाबद्दल क्षमस्व." तांत्रिक! मॅडम आल्या, माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि एकदम वळून खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. रागानं हलत असतील असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

निकाल त्याच दिवशी लागला. मला काही दिवस कन्सोलवर बसायचं नाही, बाजारभाव तेवढे वाचायचे, तेही आधी ध्वनिमुद्रित करून. आणि रविवारची फर्माईश मंगल करील का? मॅडमनी तिला माझ्यासमोरच विचारलं. मी कथाकादंबऱ्या वाचलेली मुलगी. मला वाटलं, आता ही मान खाली घालील, म्हणेल शैलाला अजून एक संधी द्या. मंगल म्हणाली, "व्हय मॅडम, म्या करते."

घरी चालत येताना मला राहवलं नाही. "नाही म्हणायचं होतंस की एकदा. बहीण ना तू माझी?"

"का म्हणू?" मंगल थांबून म्हणाली. "तुझा रविवार तू घालवलास. मग माझा म्या कशाला घालवू?" आणि चार पावलांनी, "नाना पाया पडतेत ते मला बी कसंसंच होतंय. पण पाय मागं घेतले की माझी आई रागावती, भावाचा नमस्कार घेत न्हाईस म्हणून. तू आधी सांगायचं होतंस मला. जिल्ह्याला कशाला सांगितलंस?"

घरात शिरलो तर आई चुलीपुढं पाठ करून बसलेली. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं. "जगाला सांगून आलीस," ती म्हणाली, "आई भाकरी देत न्हाई म्हणून. समोरची बाई आत्ताच विचारून गेली, शैलाला जेवायला घालता न्हवं?" मला वाटलं नाना आता काय करतात. नाना टोपी काढून बराच वेळ तिच्यातलं पीठ झटकत बसले. मग अत्यंत दुःखानं म्हणाले, "शैला, 'कोन' म्हणालीस."

त्या संध्याकाळी आईनं शेजारून एक तवा मागून आणला. चुलीवर एक, शेगडीवर एक. दोन्हींवर एकदम भाकरी टाकली, दोन्ही एकदम काढल्या, आणि दोन हातांनी आमच्या दोघींच्या ताटात एकाच वेळी घातल्या. बोटं भाजली तिची. पुढं महिनाभर तिनं हा दोन तव्यांचा संसार चालवला. त्याहून तिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एक दिवस मीच म्हटलं, आई, बास, मंगलला दे आधी. आईनं मागितलेला तवा त्याच क्षणी परत पाठवला.

मत्सर मात्र परत पाठवता येत नाही. पुढच्या रविवारी मंगल कार्यक्रमाला गेली आणि मी घरी रेडिओसमोर बसले, शेंगा सोलत. जिच्यावर जळायचं तिचं ऐकायचं कसं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. मी एक एक शब्द तपासत होते. गाणं जरा मोठं लागलं का? बोलणं त्याखाली दबलं का? दोन गाण्यांमध्ये रिकामी जागा राहिली का? काही नाही. तांदळात खडा सापडू नये तसा अर्धा तास गेला. कार्यक्रम उत्तम झाला होता. सुई मला दिसत नव्हती, पण कुठं झुलत असेल ते ऐकू येत होतं.

मंगल घरी आली. नाना म्हणाले सुरेख, आई म्हणाली लई गोड. मंगलनं दोघांकडं बघितलं न बघितल्यासारखं केलं, चप्पल काढली आणि सरळ माझ्यासमोर फतकल मारून बसली. "तू सांग," ती म्हणाली. "ह्यांना काय कळतंय? त्यांना म्या खोकले तरी गोड वाटतंय."

मी शेंग फोडली. दाणा बघितला. "दुसऱ्या गाण्याला," मी म्हणाले, "आवाज जरा खाली होता."

तिचा चेहरा पडला. खरोखर पडला. त्या मुलीचा चेहरा पडलेला मी त्याआधी पाहिलाच नव्हता, आणि मला किती बरं वाटलं ते इथं लिहीत नाही. "व्हय का?" ती म्हणाली. "सुई तर बराबर होती. बघते पुढच्या टायमाला."

पुढच्या रविवारी ती पुन्हा येऊन बसली. "सांग." मी सांगितलं, बोलताना श्वास ऐकू येतोय. त्यापुढच्या रविवारी, तबकडी सोडायला घाई केलीस. काही दोष खरे होते, काही मी त्याच क्षणी रचलेले. पण गंमत अशी झाली की खोटा दोषसुद्धा पटेल असा काढायचा तर नीट ऐकावं लागतं. मी इतकं नीट ऐकायला लागले की मॅडमनी मला पुन्हा कन्सोलवर बसवलं तेव्हा मला सुईकडं बघण्याआधीच कळायचं ती कुठं असेल. अजूनही ती खोड आहे. नातू फोनवर काही ध्वनिमुद्रित करायला लागला की पडद्यावर हिरव्या-तांबड्या रेघा नाचतात, आणि मी आतल्या खोलीतून ओरडते, "मागं सर, तांबड्यात गेलास!" तो म्हणतो, आजीला भिंतीपलीकडचं दिसतं.

त्या केंद्रात मी केस पिकेपर्यंत काम केलं. मंगलनं लग्न होऊन लातूरला जाईपर्यंत फर्माईश केली, आणि तिच्यामागं तो कार्यक्रम माझ्याकडं आला. लोकांना माझं फार आवडलं नाही असं ऐकते. आवडलं असतं तरी मंगलएवढं नाही, हे मी इथं लिहून टाकते, कारण ती काही वाचायची नाही.

आता आम्ही दोघी आजी. तिचे गुडघे गेलेत, माझे दात. पण तिचे दात सगळे शाबूत आहेत, हे ती व्हिडिओ कॉलवर मुद्दाम मोठ्यानं हसून दाखवते. मागच्या आठवड्यात मंगलच्या सुनेनं तिच्या जुन्या एका कार्यक्रमाची टेप कुठूनशी मिळवून मोबाइलवर घातली, आणि मंगलनं ती मला लावून ऐकवली. पूर्ण. मी ऐकली. तोच आवाज, तापल्या तव्यावरचा. एक खडा नाही. संपल्यावर ती कॅमेऱ्यात इतकी पुढं आली की नुसतं कपाळ दिसत होतं.

"शैले, आता तरी सांग. चांगला व्हायचा का न्हाई माझा प्रोग्राम? आता कशाला लपवतीस?"

मी फोन कानाला लावला, हलवला, पुन्हा समोर धरला.

"तुझा आवाज खाली जायलाय गं मंगल," मी म्हटलं. "काहीच नीट ऐकू येईना."